या अळीचं खरं नाव काय? चार ठिपके आणि साडेसहाशे अक्षरं

(हे आपल्या भागाचं लिखित रूप आहे. बोलले तेच, फक्त जरा आवरून-सावरून.)



आजचा प्रश्न अगदी साधा आहे. मक्याच्या पोंग्यात एक अळी दिसली. ही नक्की कोण?

तुम्ही म्हणाल, अळी ती अळी. खातेय ना पीक? मग नाव-गाव विचारत कशाला बसायचं? पण नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. सापळ्यात लावायचा ल्युर चुकतो, फवारणीची वेळ चुकते, सोडायचा मित्रकीटक चुकतो. खर्च होतो आणि अळी आपली निवांत खात बसते.

कीटकाची ओळख पटवायचे आज दोन मोठे मार्ग आहेत. एक जुना: शरीर नीट बघायचं. दुसरा नवा: डीएनए वाचायचा, ज्याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की नवा आला म्हणजे जुन्याची गरज संपली. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज एका खऱ्याखुऱ्या अळीच्या निमित्ताने सांगते.

"लष्करी" म्हणजे नेमकी कोणती?

मे २०१८. कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याच्या कृषी महाविद्यालयातल्या संशोधकांना मक्यावर एक वेगळीच अळी दिसली. भारतात तोवर कधी नोंद न झालेली. तिचं शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ साली ती पश्चिम आफ्रिकेत सापडली होती आणि दोनच वर्षांत इकडे. त्याच वर्षी ती आपल्या पश्चिम महाराष्ट्रात मक्यावर आली, उसावरही दिसली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो, आणि एक मादी हजारावर अंडी घालते. त्यामुळे पसरायला वेळ लागलाच नाही.

मराठीत तिला "अमेरिकन लष्करी अळी" किंवा "नवीन लष्करी अळी" म्हणू लागले. आणि इथेच घोटाळा सुरू होतो. कारण "लष्करी अळी" हे नाव आपल्याकडे आधीपासून होतं. कोकणात भातावर फौजेसारखी चालून येते ती लष्करी अळी वेगळी, तिचं नाव मिथिम्ना सेपरेटा. सोयाबीनवर येते ती "तंबाखूवरील पाने खाणारी अळी", स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे नव्या पाहुणीची चुलत बहीणच. तिलाही कुठे कुठे लष्करीच म्हणतात.

उलटाही प्रकार आहे. हरभऱ्यातली घाटेअळी, कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी, तुरीतली शेंगा पोखरणारी अळी. नावं तीन, कीटक एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. पीक बदललं की आपण तिचं नाव बदलतो, तिला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणजे एका नावाचे अनेक कीटक, आणि एका कीटकाची अनेक नावं. म्हणून शास्त्रीय नाव लागतं. ते काही ऐट दाखवायला नसतं. शिवमोग्ग्यात, आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये आपण एकाच प्राण्याबद्दल बोलतोय, याची ती खात्री असते. तिकडच्या लोकांनी या अळीवर अनेक दशकं काम केलंय. नाव बरोबर जुळलं की तो सगळा अनुभव आपल्या हाती येतो.

आधी डोळ्यांनी

चला, आता अळी हातात घेऊया. घाबरू नका, ही चावत नाही, आणि हिला खाज आणणारे केसही नाहीत.

पहिली खूण डोक्यावर. समोरून बघितलं तर कपाळावर इंग्रजी वाय अक्षर उलटं ठेवल्यासारखी पांढुरकी रेघ दिसते. समाज माध्यमांवर सगळ्यात जास्त फिरली ती हीच खूण. पण थांबा. अशी उलट्या वायसारखी शिवण बऱ्याच अळ्यांच्या डोक्यावर असते. या अळीत ती ठळक असते, एवढंच. फक्त तिच्यावर विसंबलात तर फसाल.

दुसरी खूण जास्त भरवशाची. अळीला पाठीवरून बघा आणि शेपटाकडे जा. शेपटाजवळ, पोटाच्या आठव्या खंडावर, चार काळे ठिपके असतात. ते चौरसात मांडलेले असतात, कॅरमच्या बोर्डाची चार भोकं जशी असतात ना, तसे. त्याच्या आधीच्या खंडांवरही चार-चार ठिपके आहेत, पण तिथे ते समलंब चौकोनात दिसतात, म्हणजे पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब. शेपटाजवळचा चौरस आणि कपाळावरचा ठळक वाय, दोन्ही एकत्र दिसले की शेतात उभ्या उभ्या बऱ्यापैकी खात्री होते. भिंग नसलं तरी फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून हे दिसतं.

अडचण कुठे येते? अळी मोठी असेल तरच हे सगळं दिसतं. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली अळी काळ्या डोक्याची आणि फिकट अंगाची असते. तेव्हा ती चुलत बहिणींपेक्षा वेगळी ओळखणं जवळपास अशक्य. आणि गंमत बघा, नियंत्रण सोपं असतं ते नेमकं याच वयात. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली, की तिच्या विष्ठेचा भुसा वर साचतो आणि फवारा आत पोचत नाही. म्हणजे ओळख सोपी होते तोवर उशीर झालेला असतो.

मग पतंग बघायचा का? नर पतंगाच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो, तो उपयोगी पडतो. मादी मात्र राखाडी-तपकिरी, मळकट. दहा जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर आपल्याला सगळ्या सारख्याच दिसतील.

मग कीटकशास्त्रज्ञ काय करतात? पतंगाच्या पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी हलक्या हाताने आतले जननेंद्रियांचे भाग वेगळे करतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण पतंगांमध्ये हे भाग जातीगणिक वेगळ्या घडणीचे असतात. पंखांचा रंग उडतो, खवले झडतात, हे मात्र टिकतं. वर्षानुवर्षं पतंगांच्या बाबतीत शेवटचा शब्द याच तपासणीचा राहिलाय. पण त्याला तयार हात लागतो, पूर्ण वाढलेला कीटक लागतो आणि वेळ लागतो. अळी सापडली असेल तर ती पाळून पतंग होईपर्यंत थांबायचं. बंदरावर मालाचा कंटेनर अडवून ठेवलाय, आत दोन अंडीपुंज सापडलेत, अशा वेळी कोण थांबणार?

मग बारकोड आला

२००३ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रस्ताव मांडला. प्रत्येक प्राण्याचा सगळा डीएनए वाचायची गरज नाही. सगळ्यांच्या अंगात असलेल्या एकाच जनुकाचा एक ठरावीक तुकडा वाचू, आणि त्यावरून जात ओळखू. किराणा दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड वाचतात, तसं.

तो तुकडा आहे सीओआय नावाच्या जनुकातला. लांबी सुमारे ६५० अक्षरं. डीएनएची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पण ६५० जागा आणि प्रत्येक जागी चार पर्याय, म्हणजे वेगवेगळे कोड पुरून उरतील इतके.

हाच तुकडा का? तीन कारणं सांगते.

एक, हे जनुक मायटोकॉन्ड्रियात असतं. शाळेत आपण "पेशीचं ऊर्जाघर" म्हणून पाठ केलेलं, तेच. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया पुष्कळ, म्हणून या जनुकाच्या प्रतीही पुष्कळ. पतंगाचा एक वाळका पाय असला तरी काम भागतं.

दोन, श्वसनासाठी हे जनुक लागतंच, त्यामुळे ते जवळजवळ सगळ्या प्राण्यांत आहे. त्याचे काही भाग फारसे बदलत नाहीत. त्या न बदलणाऱ्या कडांना पकडून मधला तुकडा उचलता येतो.

तीन, मधली अक्षरं मात्र बऱ्यापैकी भराभर बदलतात. कारण पुष्कळदा एखादं अक्षर बदललं तरी तयार होणारं प्रथिन तेच राहतं, कीटकाचं काही बिघडत नाही, आणि बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. दोन जाती वेगळ्या झाल्या की त्यांचे बदलही वेगवेगळे साठतात. तेच आपण वाचतो.

प्रयोगशाळेत काय घडतं? अळीचा छोटा तुकडा किंवा पतंगाचा पाय घेतात. त्यातून डीएनए काढतात. मग पीसीआर. कोरोनाच्या काळात हा शब्द घराघरात पोचला, त्यामुळे फार समजवायला नको. नेमका हवा तो तुकडा पकडून त्याच्या प्रती काढत जायचं. दर फेरीला दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा ३० फेऱ्या झाल्या की हिशोबाने एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होतात. मग यंत्र त्याची अक्षरं ओळीने वाचून देतं, आणि ती ओळ बोल्ड किंवा जेनबँक या खुल्या डेटाबेसमध्ये जुळवून बघायची.

एकाच जातीच्या दोन कीटकांमध्ये साधारण एखाद-दोन टक्क्यांच्या आत फरक असतो. दोन टक्के म्हणजे ६५० पैकी १३ अक्षरं. वेगळ्या जाती असतील तर फरक बहुतेक वेळा यापेक्षा जास्त निघतो. पण ही काही दगडावरची रेघ नाही. काही गटांत फरक फारच कमी, काहींत एकाच जातीत भरपूर.

फायदा लक्षात आला का? अंडं असो, कोवळी अळी असो, कोष असो, सापळ्यात अडकून तुटलेला पंख असो, बारकोड सगळ्यांचा तोच. नव्या अळीच्या बाबतीत भारतात हेच केलं गेलं. शरीराच्या खुणा बघितल्या आणि सीओआयचा तुकडाही वाचला. दोन्ही साक्षी जुळल्या, तेव्हा नाव जाहीर झालं.

दुकानातली नोंदवही

आता मला आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. हेडफोन नीट लावा.

बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघांना स्वतःला काही कळत नाही. काउंटरवर "टूं" वाजतं आणि स्क्रीनवर नाव नि किंमत येते, कारण कुणीतरी आधीच दुकानाच्या संगणकात भरून ठेवलेलं असतं की हा कोड म्हणजे अमुक बिस्किट. नोंदच नसेल तर मशीन गप्प. आणि नोंद चुकीची असेल तर? साबणाच्या कोडवर कुणी बिस्किट असं भरून ठेवलं असेल, तर मशीन दरवेळी आत्मविश्वासाने साबणाला बिस्किट म्हणणार.

डीएनए बारकोडचं अगदी असंच आहे. डेटाबेसमधली प्रत्येक चांगली नोंद म्हणजे काय? कुठल्यातरी संग्रहालयात टाचणीला लावलेला एक कीटक. त्याच्या खाली चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कोणत्या झाडावर, कुणी ओळखला. त्या कीटकाचं शरीर बघून जाणकाराने नाव दिलेलं असतं, आणि मग त्याचाच पाय घेऊन कोड वाचलेला असतो. या जपून ठेवलेल्या कीटकाला व्हाउचर म्हणतात. पुढे कधी शंका आली तर परत जाऊन तो बघता येतो.

म्हणजे डीएनएवरून मिळणारं नाव हे शेवटी कुणीतरी डोळ्यांनी दिलेलं नाव असतं. कोड तुम्हाला त्या टाचणीपर्यंत नेऊन सोडतो. टाचणीवरच नाव चुकीचं असेल, तर कोड तुम्हाला चुकीच्या घरी बरोबर पोचवतो.

आणि भारतासारख्या देशात अडचण अशी, की पुष्कळ कीटकांची नोंदच झालेली नाही. जगात आजवर साधारण दहा लाख कीटकजातींना नावं दिली गेली आहेत, आणि नाव न मिळालेल्या याहून कितीतरी जास्त आहेत असं शास्त्रज्ञ मानतात. तुमच्या गावच्या ओढ्याकाठचा एखादा भुंगा वाचला आणि डेटाबेसने "जवळचं काहीच नाही" म्हटलं, तर ती नवी जात असेलच असं नाही. कदाचित तिला नाव शंभर वर्षांपूर्वीच मिळालंय, पण तिचा कोड कुणी अजून वाचलेला नाही.

डोळ्यांना जे दिसत नाही

मग तुम्ही विचाराल, डोळ्यांवरच सगळं टिकलंय तर बारकोड नवं काय सांगतो? भरपूर सांगतो. एक गाजलेली गोष्ट ऐका.

मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटा देश आहे. तिथल्या ग्वानाकास्ते भागातल्या जंगलात डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॅक्स या जोडप्याने अनेक वर्षं अळ्या गोळा करून पाळल्या. अळी कोणत्या झाडावर मिळाली, कशी दिसत होती, तिच्यातून काय बाहेर आलं, सगळ्याची नोंद. त्यांत एक निळ्या झळाळीचं फुलपाखरू होतं, ॲस्ट्राप्टेस फुल्जेरेटर. त्याला नाव मिळालं होतं १७७५ साली. सव्वादोनशेहून जास्त वर्षं सगळे त्याला एकच जात मानत होते.

पण अळ्या पाळणाऱ्यांना काहीतरी खटकत होतं. फुलपाखरं सारखी, पण अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि वेगवेगळ्या झाडांवरच्या. पॉल हेबर्ट यांच्यासोबत मिळून ४८४ फुलपाखरांचे कोड वाचले. २००४ साली निष्कर्ष आला: ही एक जात नसून किमान दहा जाती असाव्यात. त्या आकड्यावर नंतर वादही झाला. दहा म्हणायला हा पुरावा पुरत नाही, असं काही शास्त्रज्ञांनी मांडलं. पण तिथे एकापेक्षा जास्त जाती लपलेल्या होत्या, हे पुढे आलंच.

मला यात आवडतं ते वेगळंच. फक्त डीएनए असता तर ते निव्वळ आकड्यांचे गठ्ठे राहिले असते. त्यांना अर्थ आला तो अळीचा रंग आणि खाण्याचं झाड यांच्या वहीमुळे. आणि वही एकटी असती तर "एकाच जातीत रंग बदलत असतील" म्हणून विषय संपला असता.

बारकोडही फसतो

आता परत आपल्या मक्यात येऊया. कारण बारकोड कुठे अडखळतो, हे आपल्या लष्करी अळीनेच छान दाखवलंय.

अमेरिकेत या अळीचे दोन प्रकार मानतात. एकाला मक्याचा प्रकार म्हणतात, तो मका-ज्वारीकडे ओढला जातो. दुसरा भाताचा प्रकार, तो भात आणि गवतांकडे. दिसायला दोन्ही हुबेहूब. फरक डीएनएमध्ये. मग भारतात आली ती कोणती? हा काही पुस्तकी प्रश्न नव्हता. भात हे आपलं मुख्य पीक. ती भातावर तुटून पडणार का, ही धास्ती खरी होती.

सीओआय वाचला. उत्तर आलं: बहुतेक भाताचा प्रकार. पण प्रत्यक्षात अळ्या सापडत होत्या मुख्यतः मक्यावर! मग दुसरं एक जनुक तपासलं, टीपीआय नावाचं. ते मायटोकॉन्ड्रियात नसून पेशीच्या केंद्रकात असतं. त्याचं उत्तर आलं: मक्याचा प्रकार.

दोन जनुकं, एकच अळी, दोन उत्तरं. असं कसं?

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. समजा, आपल्यात आडनाव फक्त आईकडून चालत आलं असतं. कधीकाळी एक देशपांडे बाई कुलकर्ण्यांच्या घरात आली. तिची मुलं-मुली देशपांडे लावणार. तिच्या मुलींची मुलंही देशपांडे. त्यांची लग्नं पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्यांतच होत राहिली, तर काही पिढ्यांनी घरचं वळण, चेहरेपट्टी, सगळं कुलकर्ण्यांचं झालेलं, पण दारावरची पाटी मात्र देशपांडे. सीओआय म्हणजे ती पाटी. दोन प्रकारांचा कधीतरी संकर झाला की पाटी एक सांगते आणि घर दुसरंच. आफ्रिकेत आणि आशियात पसरलेल्या या अळ्यांच्या बाबतीत असाच संकर झाला असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. आणि पाटीपेक्षा घर महत्त्वाचं ठरलं: आपल्याकडे हिने मुख्यतः मकाच धरला.

अजूनही काही सापळे आहेत, थोडक्यात सांगते. वोल्बाकिया नावाचे जिवाणू पुष्कळ कीटकांच्या पेशींत राहतात आणि आईकडूनच पुढच्या पिढीत जातात. ते पसरताना एखाद्या आईचे मायटोकॉन्ड्रियाही सोबत पसरवतात, आणि कोडचं चित्र बदलून जातं. कधी सीओआयची जुनी, निकामी नक्कल केंद्रकात जाऊन बसलेली असते आणि पीसीआर चुकून तीच उचलतो. आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींमध्ये ६५० अक्षरांत पुरेसा फरकच साठलेला नसतो. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस गॅम्बिए गटातल्या डासांचं असंच आहे. दिसायला सारखे, आणि सीओआयनेही नीट वेगळे होत नाहीत. तिथे वेगळ्या जनुकीय चाचण्या लागतात.

नाव जुळलं की काय होतं?

एक उदाहरण आपल्या जवळचं. २००८ साली कोइमतूर भागात पपईवर एक पिठ्या ढेकूण आला. पांढरा, कापसासारखा. बागाच्या बागा चिकट, काळ्या पडल्या. महाराष्ट्रात पुणे भागातल्या पपईच्या बागांनाही पुढे त्याने ग्रासलं.

पिठ्या ढेकूण आपल्याकडे अनेक प्रकारचे आहेत. सगळे पांढरे, सगळे मेणचट. हा कोणता? जाणकारांनी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली त्याची बारीक छिद्रं आणि नलिका बघितल्या: पॅराकॉकस मार्जिनेटस, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. याची एक गमतीशीर खूण आहे. अल्कोहोलमध्ये टाकला की तो निळसर-काळा पडतो.

नाव कळलं, म्हणून मूळ देश कळला. मूळ देश कळला, म्हणून त्याचा तिथला शत्रू कळला. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून काही परोपजीवी कीटक बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने मागवले. त्यातला ॲसेरोफॅगस पपायी नावाचा, मिलिमीटरभर लांबीचा कीटक सर्वांत कामाचा ठरला. पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडी घालून तो त्याला आतून संपवतो. काही महिन्यांत प्रादुर्भाव झपाट्याने उतरला.

हाच कीटक कपाशीवरच्या पिठ्या ढेकणावर सोडला असता तर? काही उपयोग नाही. तो ढेकूण वेगळा, त्याचा शत्रू वेगळा. चुकीच्या दाराची किल्ली कितीही चांगली असली तरी कुलूप उघडत नाही.

कामगंध सापळ्यांचंही तेच. ल्युरमधला वास एका जातीच्या मादीचा असतो. सोयाबीनवरच्या स्पोडोप्टेराचा ल्युर मक्यात टांगला आणि सापळा रिकामा राहिला, तर "आपल्याकडे अळीच नाही" असा समज होईल. आणि पोंग्यात अळी वाढत असेल.

तुमच्या हातातला फोन

"एखादं ॲप सांगा ना, फोटो काढला की नाव सांगेल," असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स चांगली आहेत, जरूर वापरा. पण ॲप जे सुचवतं ते अंदाज म्हणून घ्या. जी खूण फोटोत आलीच नाही, ती ॲपला कुठून दिसणार? म्हणून फोटो काढताना एवढं सांभाळा:

- अळी असेल तर दोन फोटो हवेतच. एक डोक्याचा समोरून, एक पाठीचा शेपटापर्यंत. नुसता बाजूने काढलेला फोटो फारसा कामाचा नाही.
- शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.
- पीक कोणतं, पिकाचं वय किती, गाव, तारीख, हे लिहून ठेवा. ग्वानाकास्तेची वही आठवते ना?
- खायची पद्धतही टिपा. पानाला खिडक्या पडल्यात, ओळीने भोकं आहेत, की पोंग्यात भुसा साचलाय?
- नमुना द्यायचा असेल तर नव्वद टक्क्यांच्या वरच्या, शुद्ध इथेनॉलमध्ये छोट्या बाटलीत ठेवा. फॉर्मालिन नको, त्यात डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.
- नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवा. आणि अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलू नका.

शेवटी एक गोष्ट, खास करून जे बीएस्सी करतायत किंवा कृषीला आहेत त्यांच्यासाठी. डीएनए वाचणारी यंत्रं दरवर्षी स्वस्त होतायत, वेगवान होतायत. पण पतंगाचं पोट उघडून "हा फ्रुगिपर्डा, हा लिट्युरा" असं ठामपणे सांगणारी माणसं यंत्रासारखी विकत मिळत नाहीत. ती तयार व्हायला वर्षं लागतात. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. बंगळुरूला कृषी कीटकांसाठी राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीला पुसा संस्थेत मोठा संग्रह आहे. तिथल्या लाकडी पेट्यांमधल्या टाचण्यांवर आपल्या डेटाबेसचं खरेपण उभं आहे. त्या पेट्यांत अजून खूप जागा रिकामी आहे, आणि त्या भरणारे हात कमी आहेत. कुणाला बारीक कामाची आवड असेल, तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची तयारी असेल, तर हे करिअर म्हणून खरंच विचारात घ्या.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या भागात या अळ्यांना काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. कोल्हापूरकडे एक नाव, विदर्भात दुसरं, कोकणात तिसरं, असं असणारच. सोबत फोटो पाठवलात तर उत्तम. फक्त शेपटाकडचे चार ठिपके दिसतील असा पाठवा हं! भेटू पुढच्या भागात.